वाटणीला आलेलं अर्धं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. खरं म्हणजे अर्धंच. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका संघाच्या कचेरीत, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेची पेटी आहे, तिच्यात मी बसून असतो. अंगावर चकचकीत पॉलिश आहे, पोटात तेलाचा थेंब नाही. येणारे-जाणारे माझ्यासोबत फोटो काढतात आणि लिफ्टची वाट बघतात.

माझा जन्म भागीदारीतून झाला. एका मोठ्या मोटार कंपनीला कमी पेट्रोलमध्ये जास्त पळणारी गाडी हवी होती आणि या संघाला शर्यत जिंकायची होती. विजेची बाजू कंपनीने घेतली, पेट्रोलची संघाने. असा मी हायब्रिड झालो: पेट्रोलवर धावणारा मी आणि माझ्या पाठीला जोडलेली विजेची मोटर. मला घडवलं संघाच्या हेडमिस्त्रींनी. तिला घडवलं कंपनीतल्या एका इंजिनिअर बाईने, आणि ती होती हेडमिस्त्रींचीच मुलगी. नोकऱ्या दोन टोकांना, त्यामुळे बापलेकीची भेट वर्षातून एखादी. माझ्यामुळे ती दोघं रोज एका टेबलाशी उभी राहू लागली.

"ही ताटलीएवढी मोटर माझ्या इंजिनाला ढकलणार?" हेडमिस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ढकलणार नाही बाबा, सांभाळून घेणार," मुलगी म्हणाली. "तुमच्यासारखंच तापट आहे ना ते!"

तापट तर मी होतोच. मला चालू करण्याआधी माझ्या अंगातून गरम तेल फिरवावं लागे. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते बहुतेक मला बघूनच. मोटर मात्र बटण दाबताच हजर. सुरुवातीला आमचं अजिबात पटेना. मी जोर लावला की ती मागे राहायची, ती धावली की मी अडखळायचो. चाचणीच्या खोलीत बापलेकीने कितीतरी महिने आमची समजूत घालण्यात काढले. शेवटी मुलीने आम्हा दोघांमधल्या जोडदांड्याचं नवं माप काढलं, आणि हेडमिस्त्रींनी तो स्वतःच्या हाताने घासून बसवला. तेव्हा कुठे आमचं गूळपीठ जमलं. गाडीने ब्रेक मारला की वाया जाणारा जोर मोटर वीज करून बॅटरीत साठवायची, आणि वळणातून बाहेर पडताना तो मला परत द्यायची. मी दमलोय हे तिला माझ्याआधी कळायचं.

मग मोठी शर्यत आली. हरलो तर करार संपणार, आणि बापलेकीचं एकत्र कामही संपणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी जीव तोडून धावलो. शेवटच्या फेरीत माझं पेट्रोल संपत आलं. मला खोकल्याची उबळ आली आणि शेवटच्या वळणावर मी गप्पच झालो. तेव्हा मोटरने होती नव्हती ती सगळी वीज पणाला लावली आणि गाडी रेषेपार नेली.

"जिंकलो गं बाळा!" म्हणत हेडमिस्त्रींनी सगळ्यांदेखत लेकीला जवळ घेतलं. मला वाटलं, आता आपल्याला कोण वेगळं करणार?

पण तिथेच माशी शिंकली. कंपनीने जाहिरात दिली की शर्यत आमच्या मोटरने जिंकली. संघाचे मालक भडकले. "मग आधीच्या फेऱ्या काय वाऱ्यावर झाल्या?" कंपनीचे साहेब म्हणाले, "रेषेवर तुमचं इंजिन बंद होतं." वकील आले. हरलो असतो, तर कदाचित त्यांनी एकमेकांचे डोळे पुसले असते. जिंकल्याचं श्रेय मात्र त्यांना वाटून घेता येईना. करार मोडला. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर सांगितलं असतं की ती शेवटची वीज माझ्याच धावण्यातून तिने थोडी थोडी करून साठवली होती.

इंजिन संघाला, मोटर कंपनीला, अशी वाटणी झाली. घोडं अडलं ते जोडदांड्यावर. माप कंपनीचं, घडण संघाची. दोघांचा आहे तर कोणालाच नको, कापून टाका, असा निकाल लागला. आणि ते कामही बापलेकीच्याच वाट्याला आलं.

"बाबा, मी धरते, तुम्ही करवत चालवा."

"नको. तू बाहेर थांब."

"नाही. मी धरते."

मित्रांनो, लोखंडाला दुखत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. मोटरला लाकडी खोक्यात ठेवलं, वर झाकण ठोकलं, आणि मी नुसता बघत राहिलो. त्यानंतर मी कधीच चालू झालो नाही. पहिला झटका देऊन मला जागं करणारीही ती मोटरच होती.

परवा हेडमिस्त्री निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मुलगी आली, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवून. तिने माझ्या काचेवर तळहात ठेवला. पहारेकरी लगबगीने आला.

"मॅडम, काचेला हात नका लावू."

तिने हात काढून घेतला. हेडमिस्त्री तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "ती मोटर कुठे असते गं आता?"

माझं सगळं लक्ष तिच्या ओठांकडे लागलं. तिने गळ्यातला बिल्ला सरळ केला.

"कंपनीचं गुपित आहे ना बाबा. नाही सांगता येत मला."

"बरं," ते म्हणाले. "जेवून जा."

मित्रांनो, तुम्हीही उद्या कोणाबरोबर तरी मिळून काहीतरी घडवाल. भांडण झालं तर खुशाल भांडा, पण घडवलेल्या वस्तूवर करवत चालवू नका. आणि कुठे अडगळीच्या खोलीत एखादी चपटी, गोल मोटर पडलेली दिसली, तर तिच्यावरची धूळ तेवढी पुसा. ती माझी नसली तरी पुसा. कोणाची तरी असेलच.