बुडवलेला डोंगा

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. आंधळगावजवळच्या आमच्या तलावात मासेमारीच्या पाळ्या ठरत. आमची पाळी माझ्या नवऱ्याच्या, तेजरामच्या नावावर होती. तो वारून दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्याचा सागवानी डोंगा मोहाच्या झाडाखाली पालथा पडून होता. वारा असला की तेजराम त्याला शीड लावून तलाव पार करी.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष सोमाजी घरी आले. म्हणाले, "रुखमिणीबाई, बुधवारी पाळ्या वाटून राहिलो. ज्याचा डोंगा पाण्यावर टिकन, त्यालेच पाळी."

डोंग्याच्या फळ्यांमधून तर बोट जात होतं. धाकटा दीर इश्वर डांबराचा डबा घेऊन आला. "वहिनी, साऱ्या भेगा भरून टाकतो. दोन दिवसांचं काम."

"हात नोको लावू," मी म्हटलं. "सुकलेल्या लाकडाच्या भेगा भरल्या तर फुगल्यावर लाकूड जाईन कुठं? मागच्या साली तुह्या डोंग्याची फळी कायनं उचकली?"

त्यानं डबा खाली ठेवला. पण मी डोंगा तलावात ओढून, दगड भरून चक्क बुडवायला सांगितला, तेव्हा त्याला राहवेना. "लोक डोंगा तरंगवतात, तू बुडवून राहिली."

"चार दिवस बुडू दे. तुह्या भावाचंच शिकलेलं हाय."

घाटावर येणाऱ्या बायाही हसल्या. मी हसू दिलं.

पाचव्या दिवशी, सोमवारी, डोंगा वर काढून दोन ओंडक्यांवर ठेवला. बाहेरून पुसून कोरडा केला आणि आत घागरींनी पाणी ओतलं. बाहेरचं पाणी आत कुठून येतं ते दिसत नाही. आतलं बाहेर येताना मात्र थेंब दिसतो. मी खाली वाकून फिरत राहिले. जिथं थेंब धरला तिथं तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं लावला. बोट जाणाऱ्या साऱ्या भेगा फुगून मिटल्या होत्या. चुन्याचे ठिपके फक्त तीन पडले.

"तीनच?" इश्वर म्हणाला.

"आता आण तुहं डांबर. नाहीतर राहू दे, राळ बरी."

राळ जवसाच्या तेलात कढवली, कापसाची वात त्यात भिजवली आणि लाकडी पाचरीनं दोन फटींत ठोकून बसवली. तिसरा ठिपका फटीवर नव्हताच. तिथला खिळा गंजून गेला होता. त्या भोकात सागाची खुंटी मारली.

बुधवारी सोमाजी काठावर उभे राहून डोंगा बघत होते. मी म्हटलं, "काठावरून काय कळते जी? बसा."

"मी?"

"पाळी तुम्ही देता नं."

चारचौघांत नाही म्हणता येईना. पांढरंशुभ्र धोतर सावरत ते तळातच बसले. शीड मीच लावलं, वल्हंही मीच धरलं. पलीकडच्या काठाला डोंगा लागला तेव्हा सोमाजी उठले आणि मागून धोतर चाचपून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "पाळी कोणाच्या नावानं लिहू? इश्वरच्या?"

"इश्वरले त्याची पाळी हाय," मी म्हटलं. "ही माह्या नावानं लिहा."