लाखेचा थेंब

सगळे मला टाचणीकाका म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो कोणी खण धाडकन आपटला की. आमच्या संग्रहालयात किड्यांचे अकराशे खण आहेत. एक आपटलात, की आत दहा-बारा पतंगांची पोटं गळून पडलीच म्हणून समजा. चौतीस वर्षं मी हे पतंग टाचणीवर टोचले, पंख पसरवले, मोडलेलं जोडलं. निवृत्तीला महिना-दीड महिना उरला होता, तेव्हाची ही गोष्ट.

तर आमच्या मॅडम, संग्रहालयातल्या कीटकशास्त्रज्ञ. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला वाघ. तीन वर्षं त्या पानगुंडाळ्या पतंगांच्या मागे होत्या. यांची अळी पानाची सुरळी करते, रेशमानं टाके घालते आणि आत बसून तेच पान खाते. राहायचं घरच खायचं, म्हणजे कमालच! पतंग मात्र नखाएवढा, वाळक्या पानाच्या रंगाचा, सगळे एका साच्यातले. त्यांची खरी ओळख पटते ती पोटाच्या टोकाशी, जननेंद्रियांवरून. म्हणून मॅडम पोट अलगद सोडवतात, कॉस्टिकच्या पाण्यात मऊ करतात आणि भिंगाखाली बघतात. असंच एका जुन्या नगाचं पोट बघितलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. असल्या पंखांना असलं पोट आजवर कोणी नोंदलेलं नव्हतं. नवी जात!

"काका, नाव तुमचं देणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावलं की झालं."

"काहीतरीच काय!" मी म्हणालो. पण खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

घरी सांगितलं आणि तीच चूक झाली. बायकोनं दोन दिवसांत सगळ्या नात्यागोत्यात डांगोरा पिटला. माझ्या थोरल्या भावाचाही फोन आला. दादा मोठा वकील. आयुष्यभर माझी ओळख करून देताना म्हणत आला, "हा आमचा धाकटा, किडे टोचतो." त्यानं आधी आडनावाचं लॅटिन स्पेलिंग विचारून घेतलं. मग म्हणाला, "आपलं आडनाव पुस्तकात जाणार म्हणजे. शाब्बास रे." साठीला टेकलो, पण दादाच्या तोंडून ते 'शाब्बास' पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मी दोन वेळा दाढी केली.

नव्या जातीचा लेख सोमवारी शास्त्रीय मासिकाकडे जायचा होता. शुक्रवारी दुपारी मॅडमनी मला संगणकासमोर बसवलं. पोट काढायच्या आधी घेतलेला फोटो पडद्यावर होता, नखाएवढा पतंग ताटाएवढा झालेला. मी कौतुकानं बघत होतो. आणि माझी नजर पतंगाच्या कमरेवर गेली.

छाती आणि पोट यांच्या सांध्यात एक तांबूस ठिपका होता.

"ती धूळ आहे हो," मॅडम म्हणाल्या. "छापताना पुसून टाकू."

ती धूळ नव्हती. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख होती, आणि या इमारतीत लाखेनं जोडणारा मी एकटा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तपासणी आली होती. तेव्हाच्या साहेबांचा हुकूम, बिनपोटाचा एकही नग दिसता कामा नये. खणाच्या तळाशी गळलेली पोटं पडली होती. कोणाचं कुठलं, देव जाणे. मी मापानं बसेल ते पोट उचललं आणि चिकटवून टाकलं.

म्हणजे नवी जात कसली डोंबलाची! पंख एकाचे, पोट दुसऱ्याचं.

हे जगात फक्त मला ठाऊक होतं. साहेब कधीच वारले. ठिपका फोटोतून पुसला जाणार होता. अळीमिळी गुपचिळी केलं असतं, तर आडनाव पुस्तकात गेलं असतं. शनिवार गेला, रविवार गेला. बायकोनं नवा शर्ट आणला. मला तो शर्ट बघवेना.

सोमवारी मी मॅडमच्या आधी जाऊन त्यांच्या दाराशी उभा राहिलो. त्या आल्या आणि मी उभ्या उभ्याच सगळं ओकलो.

त्यांचा चेहरा उतरला. "काका, तीन वर्षं!" एवढंच म्हणाल्या आणि तडक भिंगाकडे गेल्या. मला वाटलं, आरडाओरडा करतील तर बरं. त्यांनी शेजारच्या खणातल्या, माहीत असलेल्या जातींच्या पोटांच्या काचपट्ट्या एकेक काढून भिंगाखाली लावल्या. पाऊण तासानं मान वर केली.

"हे बघा. पोट याचं. अगदी नेहमीचा पतंग. मला सारखं ओळखीचं वाटत होतं आणि मी स्वतःलाच गप्प करत होते." मग त्या हसल्या, पण डोळे भरलेले होते. "दोन्ही अर्धे जुने. नवा काय तो तुमचा जोड."

"माफ करा," मी म्हणालो.

"आणखी किती जोडलेत?"

"दोन डझनांच्या आसपास."

"मग शोधा. निवृत्तीच्या आत. दर टाचणीला चिठ्ठी हवी: पोट दुसऱ्या नगाचे. आणि नियमाप्रमाणे खाली जोडणाऱ्याचं नाव. पूर्ण."

आमच्याकडे चिठ्ठीवर पकडणाऱ्याचं नाव असतं, ओळखणाऱ्याचं असतं. टोचणाऱ्याचं कधीच नसतं. मी तीन आठवडे भिंग घेऊन बसलो आणि तेवीस सापडले. बारीक निबानं तेवीस चिठ्ठ्या लिहिल्या.

शेवटच्या दिवशी घरी दादा येऊन बसलेला. "काय रे," म्हणाला, "तुझ्या नावाचं काय झालं?"

"लागलं," मी म्हणालो. "तेवीस पतंगांना."

"तेवीस?" दादा ताडकन उठलाच. "अरे, एकाचं बोलणं झालं होतं ना!"

मी त्याला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.