लाल पेन्सिलीतली अकरा नावं

मी कार्डांची पेटी बोलतेय. नांदेडात पत्र्याचं काम करणाऱ्या दगडोबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून मला घडवलं आणि अश्वजित सरांनी एकतीस वर्षं माझं पोट भरलं.

सर इतिहासाचे प्राध्यापक. त्यांचे वडील अर्धापूरला दुसऱ्याच्या केळीत राबले. म्हणूनच असेल, शब्दकोश घेऊन घरीच जपानी शिकलेल्या सरांनी जपानचे राजे सोडले आणि आठव्या शतकातल्या तिथल्या बौद्ध मठांच्या जमिनी कसणाऱ्यांची नावं शोधली. एक माणूस, एक कार्ड.

"जपानातले गडी तोंडपाठ," महामायाबाई नवऱ्याला टोमणा मारायच्या, "अन् माझ्या भावाचं लगीन कवा झालं ते इचारा!"

"पुस्तक होऊ द्या, मग तेबी पाठ करतो."

पुस्तक काही होईना. एक नाव पक्कं झालं की सरांना चार शंका येत.

मग लातूरहून वैजनाथ आला. सरांचाच जुना विद्यार्थी, आता तिथल्या कॉलेजात शिकवणारा. "सर, पंधरा दिवस पेटी द्या. पोरांना दाखवतो." सरांनी मला स्वतः त्याच्या गाडीत ठेवलं. लातुरात पोरं दिसलीच नाहीत. झेरॉक्सचं मशीन तेवढं दिसलं. पंधराव्या दिवशी मी परत सरांच्या टेबलावर.

वर्षानं तो पेढे आणि स्वतःच्या नावानं छापलेलं पुस्तक घेऊन आला. सरांच्या पाया पडला. सर पानं उलटत राहिले. सगळं माझ्या पोटातलं. सरांचं नाव कुठंच नाही. एका पानावर ते थांबले.

"ही अकरा नावं कुठनं घेतलीस?"

"मूळ कागदपत्रातून, सर."

"तिथं कागद फाटलेला हाय, वैजनाथ. हा माझा अंदाज. अंदाज मी लाल पेन्सिलीनं लिहितो."

झेरॉक्समध्ये लाल काळं झालं होतं. वैजनाथनं पेढ्यांचा पुडा सरकवला. "मग सांगा की सगळ्याला, काम तुमचं म्हणून. पर अकरा खोटी नावं तुमच्या माथी बसतील, सर."

तो गेल्यावर महामायाबाई म्हणाल्या, "काम त्यानं नेलं. आता चुका तरी त्याच्याच राहू द्या."

तिसऱ्या दिवशी सरांनी संशोधनाच्या मासिकाला पत्र लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं : "या अकरा नावांना पुरावा नाही. तो अंदाज माझा आहे." सोबत त्या कार्डांचे रंगीत फोटो पाठवले.

सहा महिने झाले, उत्तर नाही. मी कपाटात, कुलपाआड. परवा जळकोटची ऋतुजा आली, सरांचीच विद्यार्थिनी. "इथंच बसून बघते, सर." सर "न्हाई" म्हणाले. ती चहा न घेताच गेली.

सर, मला नेणारे हात तुम्हीच शिकवलेले होते, ते मीही विसरले नाही. पण ती पुन्हा आली तर मला बाहेर काढा. हवं तर समोर बसून राहा. मी इथंच गंजले, तर छापलेल्यातलं कोणतं नाव खरं आणि कोणतं अंदाजाचं, हे दाखवायला कुणी उरणार नाही.