सलूनवाल्याची मान

सलूनवाल्याला दारातच शिसारी आली. खिडकी बंद, चादरीला लघवीचा दर्प आणि पलंगावर काका. तीस वर्षं दर रविवारी त्याच्या खुर्चीत बसून अख्ख्या गल्लीची फिरकी घेणारा हा माणूस मांडीचं हाड मोडून वर्षभर अंथरुणाला खिळला होता. दाढी गळ्याखाली आलेली आणि तिच्यात कधीचं तरी वाळलेलं अन्न.

"जरा चकाचक करून टाक," काकांचा मुलगा म्हणाला. "दुपारी ताई येतेय. काय अवतार करून घेतलाय बघ बाबांनी."

करून घेतलाय म्हणे! जणू म्हाताऱ्याने हौसेने वाढवली होती ती दाढी. सलूनवाल्याच्या जिभेवर शिवी आली, पण मुलगाही त्याचंच गिऱ्हाईक, नेमाने येणारं. त्याने शिवी गिळली आणि गरम पाणी मागितलं. सून नाक दाबून पाणी ठेवून गेली. मुलगा फोन कानाला लावून बाहेर सटकला.

आधी कात्री, मग वस्तरा. हनुवटीखालची कातडी सोलवटून लाल झाली होती. साबणाचा फेस लागताच काका कळवळले, आणि मग हळूच म्हणाले, "तू सांग तिला."

"काय सांगू, काका?"

"बघतोयस ते. मी फोनवर बोललो की हा म्हणतो, बाबांना भ्रम झालाय. तिला तेच पटतं. बाहेरच्या माणसाने सांगितलं तर आजच घेऊन जाईल मला. गाडी आणतेय ती."

"सांगतो. अगदी गळ्याशपथ."

आणि तो सांगणारच होता. आतून नुसता पेटला होता. गाल टिपले आणि हाताच्या सवयीने त्याने आरसा काकांसमोर धरला. वर्षभर स्वतःचं तोंड न पाहिलेल्या माणसासमोर! काका बघतच राहिले. "अरे, एवढा थकलो मी?" ते पुटपुटले. सलूनवाल्याने घाईघाईने आरसा पिशवीत कोंबला. आपल्या हाताचाच त्याला राग आला.

तेवढ्यात सुनेने खिडकी उघडली, नवी चादर घातली, वर कसलासा सुगंधी फवारा मारला. लघवी आणि गुलाब एकत्र झाले तसा सलूनवाला खिडकीकडे सरकला. तो सामान आवरत असतानाच ताई आली, मागोमाग मुलगा.

"बाबा! किती टवटवीत दिसताय!"

"दर आठवड्याला दाढी होते त्यांची," मुलाने ठोकून दिलं आणि सलूनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हा तर आपला घरचाच माणूस. काय रे?"

ताई सलूनवाल्याकडे वळली. "खरंच सगळं नीट आहे ना हो? बाबा फोनवर काहीबाही सांगतात, म्हणून विचारते."

खुर्चीमागे उभं राहून सलूनवाल्याने चाळीस वर्षं काढली होती. एक गिऱ्हाईक म्हणायचं सगळे पुढारी चोर, की मान हलवायची. दुसरं म्हणायचं त्यांच्यामुळेच चाललंय सगळं, तरी मान हलवायची. वाद घालणाऱ्याच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देणार? खांद्यावरच्या हाताने जरासा दाब दिला आणि मान आपोआप हलली. तेवढ्यावर थांबावं की नाही? तोंडही उघडलं.

"हो ताई. एकदम व्यवस्थित."

ताईचा चेहरा मोकळा झाला. इतका पटकन, की सलूनवाल्याला कळून चुकलं, हिलाही हेच ऐकायचं होतं. त्याला तिची किळस आली, मुलाची आली, त्या गुलाबाच्या वासाची आली. पण उलटी येईल असं वाटलं ते स्वतःच्या गोड आवाजाने. अजूनही बोलता आलं असतं. तो पिशवीची चेन लावत राहिला.

काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. मग त्यांनी मुलीचा हात थोपटला.

"भ्रमच होतो गं मला," ते म्हणाले. "तू जा घरी निर्धास्त."