साफ केलेली कॅसेट

सिडनीजवळच्या टूनगॅबीत, मुलीच्या घरी मोहन देवस्थळी सहा आठवडे एका कॅसेटची वाट पाहत होते.

१९७९ साली ते पुण्यात एका फिल्म सोसायटीचं पत्रक काढायचे. विनोदी चित्रपट असला की टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे आणि लोक कुठे हसले, ते घरी पुन्हा ऐकून टिपायचे. ही कॅसेट हॉलिवूडच्या एका जुन्या, अमेरिकेतही न चाललेल्या चित्रपटाची होती. हॉटेलची लिफ्ट चुकून विकून बसलेल्या कारकुनाची गोष्ट. त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको चित्रा होती. ती सगळ्यांचं हसून झालं की हसायची, आणि मग थांबायची नाही. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच रेकॉर्ड झालेला नव्हता. यंदाच्या मार्चमध्ये ती गेली.

जावई हृषिकेश सॉफ्टवेअरमध्ये. त्याला हे कसं सांगायचं, म्हणून कॅसेट देताना मोहन म्हणाले होते, "जुना पिक्चर आहे. ऐकता आला तर बघ."

"नो वरीज बाबा, एकदम क्लीन करून देतो."

रविवारी दुपारी हृषिकेशनं हेडफोन सासऱ्यांच्या कानांवर चढवले आणि बायकोकडे वळला. "एकेक डायलॉग कळतोय बघ. खरखर नाही, पब्लिकचा गोंधळ नाही."

सुनेत्रा चहा गाळता गाळता थांबली. "कसला गोंधळ?"

"हसत होते गं मध्ये मध्ये. एक बाई तर थांबायलाच तयार नाही."

"ती आई होती, हृषी."

हृषिकेशनं हेडफोन लावून बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं.

"ओरिजिनल फाइल?"

"तिच्यावरच सेव्ह केलं."

"आणि कॅसेट?"

"टेप तुटली होती शेवटी. कचऱ्याच्या लाल बिनमध्ये टाकली." बिन गुरुवारी रिकामा झाला होता. "मला काय माहीत! पिक्चर ऐकायचाय म्हणाले ना ते?"

मोहनना यातलं काही ऐकू आलं नाही. कारकून लिफ्टच्या दारापाशी पोचला होता. त्यांनी बोट वर केलं, गप्प बसा म्हणून. चेहऱ्यावर हसू आधीच आलं होतं. कारकून लगेच पुढचं वाक्य बोलला.

"जरा मागे घे रे."

हृषिकेशनं दहा सेकंद मागे घेतलं. पुन्हा बोट वर गेलं. मग तिसऱ्यांदा.

चौथ्यांदा त्यांनी बोट वर केलं नाही. हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली.

"छान साफ केलंस," ते जावयाला म्हणाले.