सगळे बसले, महेंद्र उभेच

कारेगावच्या कारखान्यात युनियन गाजवलेल्या महेंद्रना त्यांच्या लेकीनं, करुणानं, सणसवाडीत रॅप-मेटलच्या कार्यक्रमाला नेलं. गिटार असं कडाडलं की त्यांची छाती धडधडू लागली.

"कुणाचं ऐकू नका!" गायक गरजला. महेंद्र जाम खूश झाले.

मग तो म्हणाला, "आता सगळे खाली बसा!" सगळी पोरं मुकाट बसली. महेंद्र मात्र उभेच.

"पप्पा, बसा ना!" करुणा लाजून कुजबुजली.

"का म्हणून? आत्ताच त्यो म्हणला, कुणाचं ऐकू नका!"

गायकानं हसत माइक त्यांच्यापुढं धरला. "काका, बोला!"

महेंद्रनी मूठ उगारली. "उठा रं सगळे!"

पोरं ताडकन उठून नाचू लागली.

"ही तर माझंबी ऐकत्यात!" महेंद्र हळहळले, पण नाचत नाचतच.