फुईचा झोका

मी बंगई आहे. अन्यत्र मला झोपाळा म्हणतात, वस्तू तीच. सागाची जाड फळी, तिच्या कोपऱ्यांना लोखंडी साखळ्या आणि वर तुळईत ठोकलेले आकडे, एवढाच माझा देह. माझ्या कड्यांची करकर आपण कोणाच्या ना कोणाच्या घरी ऐकली असेल. आज त्या करकरीऐवजी शब्दांनी बोलावे म्हणते.

पारोळ्याच्या अलीकडे, धुळे रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका कापूस पिकवणाऱ्या गावात माझा जन्म झाला. मोतीलाल आबांना पहिली कन्या झाली, त्या वर्षी शेतातला साग वादळात पडला होता. आबांनी तो सुताराकडे नेला आणि मला घडवून घेतले. शेजारच्या बेबाबाईने हटकले, "पोरगी झायी म्हणून बंगई? लोक पोऱ्या झाया म्हणजे करतस."

आबा म्हणाले, "तिले माहेरमा बसाले जागा नको का?"

त्या कन्येचे नाव कोकिळा. ती माझ्यावरच रांगली, माझ्यावरच पाढे शिकली आणि लग्न होऊन धुळ्यास गेली. आबा रोज सकाळी माझ्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. छपाईतील चुकांवर पेन्सिलीने खूण करीत आणि मगच पुढची ओळ घेत. माझी भाषा जी काही आहे, ती त्या वाचनाची देणगी होय.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातील मोठा सण. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. मला साखळ्यांतून सोडवून दारापुढच्या निंबाला दोरांनी बांधले जाई आणि पहिला मान कोकिळेचा असे. त्याच दिवशी घरातील मृतांच्या नावाने पाण्याची मातीची घागर भरून पूजतात. लेकी आणि पितर एकाच दिवशी घरी येतात. त्यात आमच्याकडे कोणाला काही विसंगत वाटत नाही.

घराचा एक नियम मात्र मला सांगितलाच पाहिजे. रिकामी बंगई हलवायची नाही. कोणी जाता जाता मला सहज ढकलले, तर आबा वाचन थांबवून हाताने माझी साखळी धरीत. रिकामा झोका घराला अशुभ, असे ते म्हणत.

आबांचा मुलगा ज्ञानेश्वर पारोळ्यात बी-बियाण्यांचे दुकान चालवतो. त्याची पत्नी ज्योत्स्ना. त्यांची मुलगी दिपमाला, म्हणजे दिपू, महामारी आली तेव्हा नऊ वर्षांची होती. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. कोकिळेस मूलबाळ नव्हते, आणि दिपूला फुईवाचून करमत नव्हते. दोघींबद्दल सांगायचे ते सर्व तेवढ्यात आले.

टाळेबंदी लागली, शाळा बंद झाली आणि घरात दिपूसाठी एक मोबाइल आला. गुरुजी त्यावर धडे पाठवीत. धडा लवकर संपे. मोबाइल संपत नसे. पण दोष एकट्या मुलीचा नव्हता. ज्ञानेश्वर आपल्या मोबाइलवर गावोगावच्या श्रद्धांजल्या वाचत बसे. ज्योत्स्ना भाजी निवडता निवडता दुसऱ्यांची स्वयंपाकघरे पाहत राही. वर्तमानपत्र येईनासे झाल्यावर आबांनीही तेच यंत्र हाती घेतले, आणि त्यातील शुद्धलेखन पाहून पेन्सिल कायमची ठेवून दिली.

मला एक गोष्ट कळली. माणूस माझ्यावर बसून बोलत असेल, तर त्याचा पाय आपोआप जमिनीला रेटा देतो. डोळे पडद्यात गेले की पाय थिजतो. त्या उन्हाळ्यात माझ्यावर दिवसभर कोणी ना कोणी बसलेले असे, आणि मी हलत नसे. कड्यांना तेल घालण्याची गरज पडली नाही.

पहिली आखाजी आली. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पोलिसांचे अडथळे होते. कोकिळेचे घर एरवी एसटीने तासाभराचे, त्या वर्षी जणू परदेशात. दिपूने युक्ती काढली. फुईला व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल माझ्यावर उशीला टेकवून उभा केला आणि मला झोका दिला.

"अरे हळू! माले चक्कर यी राहिनी!" कोकिळा मोबाइलमधून ओरडली.

"फुई, पाय वर घे ना!" दिपू म्हणाली. ज्योत्स्नाने तिला पुस्तकी मराठीचे वळण लावले होते.

आबांनी वाकून पडद्यात आलेले लेकीचे तोंड पाहिले. "आखाजीले उनी खरी, पन नुसतं तोंडच उनं! आते पुरणपोळी खाशी कशी?"

"तुम्ही खा आबा, मी आठून देखस!"

"ज्ञानेश्वर, हाऊ झोका रिकामा का भरेल?" आबांनी हसत विचारले.

"भरेल शे, भरेल शे!" भरलेला आहे, असे उत्तर कोकिळेनेच दिले.

ते सर्व हसले. पुढे पुष्कळ दिवस या घरात असे हसणे झाले नाही, म्हणून ते मला शब्दशः आठवते.

त्या दिवसापासून दुपारच्या चहाच्या वेळी फुईचा फोन येऊ लागला. दिपू माझ्यावर बसून वाट पाही. फोन आला की तिचा पाय जमिनीला लागे आणि मी हलू लागे. त्या वर्षी मला हलवणारे तेवढेच होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोग पुन्हा आला आणि धुळ्याच्या एका दवाखान्यात कोकिळेने प्राण सोडला. निरोप मोबाइलवरच आला. ज्ञानेश्वराने तो वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि कुठे पाहावे हे न कळून भिंतीकडे पाहत बसला. अंत्यसंस्कारास जाता आले नाही. तिचे यजमान सुकदेव यांनी एकट्यांनीच सर्व केले.

एरवी असे काही लपवणे आमच्या गावात अशक्य. ओटा बायकांनी भरला असता, गल्लीच्या टोकापासून हंबरडा ऐकू आला असता. त्या वर्षी कोणी कोणाकडे बसायला जात नव्हते. कोणी आले नाही, म्हणून कोणी रडले नाही. आणि कोणी रडले नाही, म्हणून दिपूला काही कळले नाही. आबा मुलाला एवढेच म्हणाले, "पोर लहान शे. आते नको सांगू."

संध्याकाळी दिपूने विचारले, "आज फुईचा फोन का नाही आला?"

"फुईना फोन बिघडेल शे," आबा म्हणाले. "दुरुस्त व्हयना की करी ती."

वर्तमानपत्रातील चुकीची वेलांटी खपवून न घेणाऱ्या माणसाने हे वाक्य एकदाही न अडखळता उच्चारले.

त्यानंतर दिपूने मोबाइल हातातून सोडला नाही. जेवताना, वेणी घालून घेताना, न्हाणीच्या दाराशीसुद्धा तो तिच्याजवळ असे. खेळ लावी, पण खेळत नसे. व्हिडिओ लावी, पण तिचे डोळे पडद्याच्या वरच्या कडेला असत, जिथे येणाऱ्या फोनचे नाव उमटते. बोलणे कमी झाले. मग थांबले. आपल्याच केसांच्या बटा बोटाला गुंडाळून उपटण्याची तिला सवय लागली. कानामागे एक चट्टा दिसू लागला, तेव्हा ज्योत्स्ना भ्याली.

दुपारी घर झोपलेले असताना दिपू फुईचा क्रमांक लावी, मोबाइल माझ्या फळीवर पालथा ठेवी आणि शेजारी कान टेकून पडून राही. पलीकडे जाणारी घंटी माझ्या लाकडात उतरे. ती पूर्ण वाजे. मग बंद होई. बिघडलेला फोन असा वाजत नाही, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलीलाही समजते. फोन ठीक आहे, तर फुई का घेत नाही, हे मात्र तिला समजत नव्हते. मला बोलता येत असते, तर मी त्या वेळी बोलले असते.

थोरांना वाटले, पोर मोबाइलच्या नादी लागली. पारोळ्याच्या डॉक्टरांनी फोनवरून सांगितले, मोबाइल बंद करा. ज्ञानेश्वराने तो तिच्या हातून ओढला. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. त्याने आयुष्यात प्रथमच तिच्या तोंडात मारली आणि मोबाइल बाजरीच्या कोठीत पुरला.

"तुम्ही सोता तो फोन पह्यले खाली ठेवा, मंग पोरले सांगा!" पोर परसात पळाल्यावर ज्योत्स्ना म्हणाली.

"मग काय करू? देखत बसू?"

"बहीण गयी तवयपासून तुम्ही तेच करी राहिनात. देखत बसेल शेतस."

दिपूने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अन्न घेतले नाही. ती माझ्यावर बसून राहिली. तिच्या देहाचे वजन मला कळत होते. ते दिवसागणिक घटत होते. मुलीला काय होत आहे हे घरात कोणालाही कळत नव्हते, आणि ती असे बसून बसून एखाद्या दिवशी उठणारच नाही, ही भीती सर्वांच्या तोंडावर होती. अखेरीस ज्योत्स्नाने कोठीत हात घालून मोबाइल काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तेव्हा पोरीने दूध प्यायले.

अशात दुसरी आखाजी आली. सण करावा असे कोणाच्या मनात नव्हते. पण हे वर्ष कसे आहे, ते पितरांना समजावता येत नाही. आबांनी उंबऱ्याशी जागा सारवून घेतली, पत्नीच्या नावाची घागर भरली, तिच्या तोंडावर खरबूज ठेवले, कुंकू लावले. दरवर्षी तेवढेच असे. मग ते आत गेले आणि आणखी एक घागर घेऊन आले.

ज्योत्स्ना हलकेच म्हणाली, "आबा, त्यांनी घागर तर सासरी भरतीन ना."

खरे होते. लग्न झालेल्या लेकीची घागर तिच्या सासरी भरतात. रीतीत काडीचा फरक न चालू देणारे आबा हे जाणत होते. त्यांनी पाणी ओतले. थोडे सांडले. ते सारवणावर पसरत माझ्याखालपर्यंत आले.

माझ्यावर बसलेल्या दिपूने मान वर केली. दोन्ही घागरींकडे पाहिले. कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकू आला.

"ही दुसरी कोणाची?"

ज्ञानेश्वर आबांकडे पाहत होता. आबांच्या हातात दुसरे खरबूज तसेच होते.

"तुन्या फुईनी," आबा म्हणाले.

दिपू रडली नाही. तिने हातातला मोबाइल फिरवून पाहिला. मग म्हणाली, "फोन बिघडला नव्हता. वाजायचा. मी रोज लावायचे."

ज्ञानेश्वर जमिनीवर बसला. बाजरीच्या कोठीत आपण काय पुरले होते, हे त्याला त्या क्षणी कळले असावे.

दिपू उठली. मोबाइल माझ्यावर उशीला टेकवून उभा केला, मागच्या आखाजीस केला होता तसाच. पडदा काळा होता. तिने दोन्ही हातांनी मला झोका दिला. कडी करकरली. ज्योत्स्ना सवयीने साखळी धरावयास पुढे आली. आबांनी हात आडवा केला.

"राहू दे," ते म्हणाले. "भरेल शे."

मी जात-येत राहिले. चौघेही उभे-बसलेले तसेच पाहत होते. झोका आपोआप मंदावून थांबला, तेव्हा दिपूने मोबाइल उचलून आईच्या हाती दिला आणि पाटावर जाऊन बसली. सर्वजण जेवले. आमरसाला चव होती की नाही, हे मला ठाऊक नाही.

त्या हिवाळ्यात सुकदेव आले. माझ्यावर बसून त्यांनी सांगितले, की कोकिळेचा मोबाइल ते रोज चार्ज करीत. दुपारी तो वाजे, पडद्यावर दिपूचे नाव दिसे. उचलून काय सांगावे हे न सुचल्याने ते वाजणे संपेपर्यंत समोर बसत. म्हणजे दोन घरांत दोन माणसे एकाच घंटीपाशी बसून होती.

आज दिपू पारोळ्याच्या शाळेत एसटीने जाते. कानामागे केस आले आहेत. ती फार बोलते असे मी म्हणणार नाही. तिच्याजवळ मोबाइल आहे, इतरांजवळही आहेत, आणि माझ्यावर बसलेल्यांचे पाय अजूनही पुष्कळदा थिजतात. आबांना आता कमी दिसते. दिपू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, तेव्हा मी थोडी हलते.

वाचकहो, मी लाकूड आहे. माझ्या म्हणण्याला किती मान द्यायचा, हे आपण ठरवावे. परंतु मुलाच्या हातातून मोबाइल ओढून घेण्यापूर्वी ते त्यात कोणाची वाट पाहत आहे, एवढे एकदा त्याच्या शेजारी बसून विचारावे. आणि घरातील माणूस गेले असेल, तर तसे सांगावे. मुले लहान असतात. त्यांचे कान लहान नसतात.

आखाजीला आता मला पुन्हा निंबाला बांधतात. कोणी बसण्यापूर्वी दिपू मला एकदा ढकलते आणि बाजूला होते. आबा दोर धरत नाहीत. तेवढा एक हेलकावा मी रिकामी घेते; रिकामी, असे बघणारे म्हणतात.